‘लई उजेड पाडलास’ ते आयरनी : इंग्रजीच्या वर्गातील साहित्यसंज्ञा आणि शब्द कसे शिकावेत

बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत कवितेच्या ओळी दिलेल्या असतात आणि त्यांतील अलंकार ओळखून स्पष्ट करायला सांगितलेले असते. पुढे कवितेचे रसग्रहण येते, आणि कादंबरी या साहित्यप्रकारावर तर स्वतंत्र विभागच असतो. या सगळ्यासाठी आमच्याकडचा मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी बहुधा एकच तयारी करतो, ती म्हणजे गाईडच्या शेवटच्या पानावरील वीस-बावीस व्याख्या पाठ करणे. सिमिली म्हणजे काय, असे विचारले की तो व्याख्या घडाघडा म्हणून दाखवतो. पण न पाहिलेल्या कवितेच्या चार ओळी समोर ठेवल्या की गप्प होतो. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. त्याने ‘काय आहे’ या प्रश्नाचे उत्तर तयार केलेले असते आणि परीक्षक विचारतो ‘कुठे आहे आणि कशावरून’. म्हणून या लेखातील सगळ्या पायऱ्या ओळखण्याकडे नेणाऱ्या आहेत. व्याख्या शेवटी आपोआप पाठ होते, आणि नाही झाली तरी फारसे बिघडत नाही.

पहिली पायरी : घरचे भांडवल मोजा

नवी वही घ्या, पण पहिल्या पानावर इंग्रजी व्याख्या लिहू नका. शाळेत मराठीच्या तासाला शिकलेले अलंकार आठवून डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा : उपमा, उत्प्रेक्षा, रूपक, चेतनगुणोक्ती, अतिशयोक्ती, अनुप्रास, श्लेष, विरोधाभास, व्याजस्तुती. आता उजवीकडे त्यांचे इंग्रजी सोबती मांडा. उपमेसमोर सिमिली, रूपकासमोर मेटाफर, चेतनगुणोक्तीसमोर पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्तीसमोर हायपर्बली, अनुप्रासासमोर अलिटरेशन, श्लेषासमोर पन. अर्ध्या तासाच्या या कामातून एक गोष्ट लक्षात येते की अभ्यासक्रमातील बऱ्याच संज्ञा तुम्हाला आधीच येत होत्या, फक्त दुसऱ्या नावाने.

उपमेचे उपमेय आणि उपमान हे जे भाग आपण शाळेत शिकलो, त्यांचा इथे थेट उपयोग आहे. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाने १९३६ मध्ये मेटाफरच्या दोन बाजूंना टेनर आणि व्हेईकल अशी नावे दिली. ज्याच्याविषयी बोलायचे तो टेनर, म्हणजे आपले उपमेय. ज्याच्या आधाराने बोलायचे ते व्हेईकल, म्हणजे उपमान. पदवीच्या वर्गात या दोन शब्दांना अनेक जण घाबरतात. त्यांना इतकेच सांगावे की हे आठवी-नववीत झालेले आहे.

दुसरी पायरी : जिथे मराठी नाव फसवते, तिथे खूण करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची असून तिला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण मराठी आणि इंग्रजी संज्ञांच्या सीमा एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत आणि गुण जातात ते त्या फटीतून.

उत्प्रेक्षेपासून सुरुवात करू. ‘जणू’ आले की आपण उत्प्रेक्षा म्हणतो. इंग्रजीत त्यासाठी वेगळे नाव शिकवले जात नाही. ‘ॲज इफ’ने केलेली कल्पना वर्गात सिमिलीतच धरली जाते. उलट बाजूने, ‘लाइक’ हा शब्द दिसला म्हणजे सिमिली झाली असेही नाही. ‘माझा भाऊ वडिलांसारखा उंच आहे’ या वाक्यात तुलना आहे, पण अलंकार नाही, कारण माणसाची तुलना माणसाशीच झाली आहे. ‘माझा भाऊ ज्वारीच्या ताटासारखा उंच आहे’ म्हटले की दोन वेगळ्या जातींच्या वस्तू एकत्र आल्या, आणि तिथे सिमिली जन्मली. ‘लाइक’ हे ‘आवडणे’ या अर्थाचे क्रियापद असलेल्या वाक्यालाही सिमिली म्हणणारी उत्तरे मी दरवर्षी तपासतो.

अनुप्रास आणि अलिटरेशन यांतील फरक तर कानाचा आहे. अनुप्रासात अक्षराची पुनरावृत्ती शब्दात कुठेही चालते. अलिटरेशनमध्ये जवळजवळच्या शब्दांच्या सुरुवातीचा व्यंजनध्वनी सारखा लागतो, आणि तो ध्वनी असतो, लिहिलेले अक्षर नव्हे. ‘नाइफ’ आणि ‘किंग’ हे दोन्ही शब्द इंग्रजीत ‘के’ने लिहिले जातात, पण पहिल्यातील ‘के’ मुका आहे, म्हणून तिथे अलिटरेशन नाही. ‘फोन’ ‘पीएच’ने सुरू होतो आणि ‘फिश’ ‘एफ’ने, तरीही तिथे अलिटरेशन आहे. म्हणून ओळ डोळ्यांनी तपासू नका, ओठांनी तपासा. पुनरावृत्ती स्वराची असेल तर इंग्रजीत तिचे नाव असोनन्स आहे.

विरोधाभास या एका मराठी घराचे इंग्रजीत वाटे पडले आहेत. विरोधी वाटणारे दोन शब्द अगदी शेजारी येऊन एकच पद झाले तर ऑक्सिमोरॉन, जसे ‘बोलके मौन’. संपूर्ण विधानच वरवर अशक्य आणि विचारांती खरे ठरत असेल तर पॅरडॉक्स, जसे ‘दिल्याने वाढते’. आणि एका वाक्यात दोन विरुद्ध गोष्टी तोलून समोरासमोर मांडल्या, पण त्यात अशक्य काहीच नसेल, तर ती अँटिथेसिस : ‘बोलणे गोड, करणी कडू’. ऑक्सिमोरॉन या ग्रीक शब्दाचे दोन तुकडे ‘तीक्ष्ण’ आणि ‘मूर्ख’ या अर्थांचे आहेत, म्हणजे तो शब्द स्वतःच ऑक्सिमोरॉन आहे. अशी एखादी गंमत वहीच्या समासात लिहून ठेवली की संज्ञा विसरत नाही.

चेतनगुणोक्तीत निर्जीव वस्तू सजीवासारखी वागली तरी पुरते. पर्सॉनिफिकेशनमध्ये ती माणसासारखी वागावी लागते. ढग गुरगुरला तर इंग्रजीत ते मेटाफरकडे झुकते. ढगाने पाठ फिरवली, रुसून बसला, तर मात्र निःशंकपणे पर्सॉनिफिकेशन लिहावे.

तिसरी पायरी : नाव नवे, वस्तू ओळखीची

काही इंग्रजी संज्ञांना शालेय मराठी व्याकरणात नेमका सोबती नाही, पण ती वस्तू आपल्या बोलण्यात रोज असते. अशा संज्ञेपुढे व्याख्या न लिहिता घरात, पारावर, एस.टी.त ऐकलेले एक वाक्य लिहावे.

मुलगा नापास होऊन घरी आला आणि आजोबा म्हणाले, ‘लई उजेड पाडलास!’ शब्दांत स्तुती आहे, अर्थ मात्र तिच्या उलट. ही व्हर्बल आयरनी, आपल्या व्याजस्तुतीच्या जवळची, आणि तिला टोमण्याची धार असल्यामुळे सरकॅझमही. आयरनीचा दुसरा प्रकार प्रसंगातून निर्माण होतो : गावोगाव पाणी पोचवणाऱ्या टँकरच्या चालकाच्या स्वतःच्या घरी दोन दिवस पाणी नसते. ती सिच्युएशनल आयरनी. तिसरा प्रकार रंगमंचावरचा. पडद्यामागे कोण लपले आहे हे प्रेक्षकांना ठाऊक असते, पात्राला नसते, आणि ते निवांतपणे नको ते बोलत राहते. ही ड्रॅमॅटिक आयरनी. मात्र दुःखद योगायोग घडला की त्याला आयरनी म्हणून मोकळे होण्याची सवय सोडावी. अपेक्षा आणि घडणे यांत उलटा संबंध असल्याशिवाय ती होत नाही.

‘घरात खाणारी तोंडं सात आणि कमावणारे हात दोन.’ इथे अवयव बोलून पूर्ण माणूस सांगितला आहे, ही सिनेक्डकी. ‘मंत्रालयाने अजून निर्णय घेतलेला नाही’, ‘दिल्लीला कळवले आहे’ यांत इमारत आणि शहर बोलून तिथली माणसे सांगितली आहेत. ती त्या माणसांचा अवयव नव्हेत, त्यांच्याशी निगडित गोष्टी आहेत. म्हणून ही मेटॉनिमी. या दोन संज्ञांत गल्लत झाली की स्वतःला एवढेच विचारावे : बोललेली गोष्ट ही सांगितलेल्या गोष्टीचा तुकडा आहे की शेजारी?

पाऊस ताणला की म्हातारी माणसे आभाळाकडे पाहून ‘वरुणराजा, आता तरी ये’ म्हणतात. समोर नसलेल्याला किंवा ऐकू न शकणाऱ्याला असे थेट उद्देशून बोलणे म्हणजे अपॉस्ट्रफी. अकरावीत असताना मी एका उत्तरात या संज्ञेखाली अक्षराच्या डोक्यावर देतात त्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचे सविस्तर वर्णन केले होते आणि पाऊण पान भरल्याचा मला अभिमानही वाटला होता. नाव एकच, गोष्टी दोन.

रूपक लांबत जाऊन संपूर्ण रचनाच दुहेरी झाली की ॲलेगरी होते, आणि ती समजावून घ्यायला मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला पैठणच्या पलीकडे जाण्याची गरज नाही. संत एकनाथांच्या भारुडात विंचू चावतो, अंगाला घाम फुटतो, उतारा म्हणून अंगारा लावायला सांगितले जाते. पण विंचू म्हणजे काम-क्रोध आणि अंगारा सत्त्वगुणाचा. बाहेरची गोष्ट शेवटपर्यंत सुसंगत आणि आतली गोष्टही सुसंगत, हीच ॲलेगरीची खूण आहे.

चौथी पायरी : एका उताऱ्यावर हात बसवा

आता प्रत्यक्ष काम कसे करायचे ते पाहू. सरावासाठी मी तीन ओळी रचल्या आहेत : ‘द सन, अ मनीलेंडर, काउंट्स द फील्ड्स अगेन. द वेल लाइज ओपन लाइक अ बेगर्स बोल. वी वॉक द थर्स्टी रोड फॉर वन पॉट मोअर.’ सूर्य सावकार होऊन पुन्हा शेते मोजतो आहे, विहीर भिकाऱ्याच्या वाडग्यासारखी उघडी पडली आहे, आणि आम्ही आणखी एका घागरीसाठी तहानलेली वाट चालतो आहोत, असा त्यांचा अर्थ.

प्रथम संज्ञा बाजूला ठेवून नुसता अर्थ लावावा. मग प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारावा : यात अक्षरशः खरे नसलेले काय आहे? सूर्य सावकार नसतो, म्हणून पहिल्या ओळीत पेन्सिलीने ‘मनीलेंडर’खाली रेघ मारावी. विहीर उघडी असते हे खरे, पण ती वाडगा नसते, म्हणून तिथे दुसरी रेघ. वाटेला तहान लागत नाही, तिसरी रेघ. अलंकार बहुतेक वेळा या खोट्याच्या जागी सापडतो. ध्वनीचे अलंकार मात्र या चाळणीतून निसटतात, म्हणून शेवटी ओळी एकदा मोठ्याने वाचाव्यात, म्हणजे ‘बेगर्स बोल’मधला ‘ब’ कानाला लागतो आणि अलिटरेशन हाती येते.

यानंतर नाव द्यावे. सूर्य सावकारासारखा आहे असे न म्हणता तो सावकारच म्हटला आहे, म्हणून मेटाफर. विहिरीच्या ओळीत ‘लाइक’ आहे आणि दोन वस्तू वेगळ्या जातींच्या आहेत, म्हणून सिमिली. तिसऱ्या ओळीत तहान चालणाऱ्यांची आहे आणि विशेषण वाटेला चिकटवले आहे. ‘जागी रात्र’ म्हणतो तसेच हे, म्हणून ट्रान्स्फर्ड एपिथेट. कोणी म्हणेल, सूर्य शेते मोजतो हे माणसाचे काम आहे, मग पर्सॉनिफिकेशन का नाही? तेही आहे. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात; ज्याचे कारण ओळीतल्या शब्दावर बोट ठेवून सांगता येईल तो लिहावा.

उत्तर तीन वाक्यांत बसवावे. पहिल्यात अलंकाराचे नाव, दुसऱ्यात कशाची तुलना कशाशी आणि कोणत्या शब्दावरून, आणि तिसऱ्यात त्याने काय साधले. नेमके हे तिसरे वाक्य विद्यार्थी सोडून देतात. ‘त्यामुळे कविता सुंदर होते’ हे काही उत्तर नव्हे. सूर्याला सावकार म्हटल्यामुळे दुष्काळ हा निसर्गाचा कोप न राहता दरवर्षी दारात येणारी वसुली वाटू लागतो, असे लिहिले तर ओळ समजल्याचा पुरावा मिळतो. रसग्रहणाचा कणाही हेच वाक्य असते.

अशा पाच-सहा ओळी आठवड्यातून दोनदा सोडवाव्यात. पाठ्यपुस्तकातल्या झालेल्या कविता या सरावासाठी फारशा उपयोगी नाहीत, कारण त्यांची उत्तरे वर्गात ऐकलेली असतात. पुढच्या इयत्तेचे किंवा दुसऱ्या शाखेचे जुने पुस्तक मिळवावे.

गद्यातील संज्ञांबद्दल

प्लॉट, सेटिंग, कॅरेक्टर यांना फार वेळ लागत नाही. तीन ठिकाणी मात्र थांबावे. थीम म्हणजे विषय नव्हे. ‘शिक्षण’ हा विषय झाला, ‘शिक्षकाने आधी विश्वास टाकल्याशिवाय वर्ग त्याचा होत नाही’ ही थीम झाली, म्हणजे थीम पूर्ण वाक्यात सांगता आली पाहिजे. टोन हा लिहिणाऱ्याचा सूर आणि मूड ही वाचणाऱ्याच्या मनावर दाटणारी छाया. मराठीत दोन्हींना ‘भाव’ म्हटल्याने घोटाळा होतो. आणि ‘मी’ म्हणून गोष्ट सांगणारा नॅरेटर हा लेखक असेलच असे नाही, किंबहुना बहुधा नसतोच.

उच्चार

हे छोटे प्रकरण आहे, पण तोंडी परीक्षेत पहिला अडथळा इथेच येतो. एस-आय-एम-आय-एल-ई असे लिहिलेला शब्द सिमाईल नव्हे, सिमिली. हायपरबोल नव्हे, हायपर्बली, आणि जोर ‘पर्’वर. सिनेक्डोच नव्हे, सिनेक्डकी. शेवटचा ‘ई’ इंग्रजीत बहुतेक वेळा मुका असतो, पण ग्रीक-लॅटिनमधून आलेल्या या शब्दांत तो बोलतो. संज्ञेच्या खाली देवनागरीत उच्चार लिहून ठेवण्यात कोणताही कमीपणा नाही.

पाचवी पायरी : कोणते शब्द शिकायचे ते ठरवा

आता शब्दसंग्रहाकडे वळू. शब्दकोश ‘ए’पासून पाठ करणारा एक तरी मुलगा प्रत्येक गावात असतो आणि तो ‘बी’च्या पुढे गेल्याचे माझ्या पाहण्यात नाही. निवड आधी करावी लागते. मायकेल वेस्ट हे पूर्वी ढाक्यात अध्यापन केलेले भाषाशिक्षक. त्यांनी १९५३ मध्ये सुमारे २००० अत्यावश्यक इंग्रजी शब्दांची यादी प्रसिद्ध केली. न्यूझीलंडमधील ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुलांची (एका शब्दाची सगळी रूपे मिळून एक कुल) यादी केली. यांतून धडा हा की आधी वारंवार भेटणारे शब्द, मग दुर्मीळ. धडा वाचताना अडलेल्या शब्दांपैकी जो दुसऱ्यांदा भेटला तोच वहीत घ्यावा. एकदाच भेटलेला संदर्भाने समजून सोडून द्यावा.

शब्द घेताना एका मराठी प्रतिशब्दावर थांबू नये. आपण ‘कडक चहा’ आणि ‘कडक ऊन’ म्हणतो, पण ‘कडक पाऊस’ म्हणत नाही. पाऊस मुसळधार असतो. इंग्रजीतही चहा ‘स्ट्राँग’ आणि पाऊस ‘हेवी’. होमवर्क ‘डू’ करतात, चूक ‘मेक’ करतात. म्हणून शब्द नेहमी त्याच्या सोबत्यासह लिहावा. आपल्या बोलण्यात रुळलेल्या इंग्रजी शब्दांपासून तर विशेष सावध राहावे. आपले ‘हॉटेल’ चहा-भज्यांचे, इंग्रजीतले मुक्कामाचे. आपल्याकडे ‘फॅमिली’ म्हणजे कित्येकदा फक्त बायको. आणि ‘डेंजर माणूस’ आपल्याकडे चालतो, इंग्रजीत ‘डेंजर’ हे नाम आहे. देवाणघेवाण अर्थात दोन्ही बाजूंनी झाली आहे. इंग्रजीतला ‘मंगूस’ हा आपल्या मुंगसावरूनच गेला.

धातूंची पद्धत आपल्याला नवी नाही. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार ही मालिका शाळेत सर्वांनी पाहिलेली असते. उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो. इंग्रजीतला ‘डिक्ट’ म्हणजे बोलणे, तो ‘प्रेडिक्ट’, ‘डिक्टेट’, ‘कॉन्ट्रडिक्ट’ आणि ‘डिक्शनरी’ या सगळ्यांत बसलेला आहे. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, ‘पोर्ट’ म्हणजे वाहून नेणे. आठवड्याला एक धातू पुरे.

सहावी पायरी : लग्नपत्रिका आणि बुटांचे खोके

मराठवाड्यातल्या कोणत्याही घरात उन्हाळा संपताना पन्नास-साठ लग्नपत्रिका साठलेल्या असतात आणि त्यांच्या आतल्या कोऱ्या बाजू फुकट जातात. त्या कापून पत्त्यांएवढे तुकडे करावेत. एका बाजूला शब्द किंवा संज्ञा आणि उच्चार. मागे स्वतःच्या भाषेत अर्थ, एक उदाहरण, आणि संज्ञा असेल तर एक ‘हे नव्हे’ उदाहरणही. ‘वडिलांसारखा उंच’ हे सिमिलीच्या कार्डामागचे ‘हे नव्हे’. माझ्या मते कार्डावरचा सर्वांत मोलाचा मजकूर हाच.

बुटांच्या खोक्यात पुठ्ठे घालून तीन कप्पे करावेत. ही युक्ती जर्मनीचे सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात, तो कप्पा रोज काढायचा. उत्तर आले तर कार्ड दुसऱ्यात, तो दर तिसऱ्या दिवशी; पुन्हा आले तर तिसऱ्यात, तो रविवारी. चुकले तर कार्ड कोणत्याही कप्प्यातून थेट पहिल्यात. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरे स्वतः पाठ करून १८८५ मध्ये दाखवले की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो आणि नंतर मंदावतो. खोक्याचे कप्पे याच उताराला अनुसरून आहेत.

कार्डाची मागची बाजू आधी वाचायची नाही. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण आठवड्यानंतर ज्यांनी न पाहता आठवून लिहिले होते ते पुढे होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते. रोज आठ नव्या कार्डांपेक्षा जास्त घेऊ नयेत. तिसऱ्या आठवड्यात जुनी कार्डे इतकी होतात की नव्यांना जागा राहत नाही आणि विद्यार्थी खोकेच माळ्यावर टाकतो.

तालुक्याला ये-जा करणाऱ्यांनी रविवारचा कप्पा रबर लावून दप्तरात ठेवावा. एस.टी.त शेजारी बसलेल्या मित्राच्या हाती कार्डे द्यावीत आणि त्याने शब्द न सांगता मागचे उदाहरण वाचावे. ‘खाणारी तोंडं सात’ म्हटल्यावर तुम्ही ‘सिनेक्डकी’ म्हणायचे. उलट दिशेने, म्हणजे संज्ञा ऐकून व्याख्या म्हणण्याचा खेळ करू नये, तो गाईडने आधीच करून घेतलेला असतो. परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात नवे कार्ड एकही करायचे नाही. त्या दिवसांत फक्त पहिल्या कप्प्यात वारंवार परत येणारी दहा-बारा हट्टी कार्डे वेगळी काढून प्रत्येकाचे उदाहरण बदलावे, कारण सहा वेळा चुकलेले कार्ड बहुतेक वेळा वाईट उदाहरणामुळेच चुकत असते.